ॲबस्ट्रॅक्ट ॲक्सेप्ट झाला, पुढे काय?

मार्चमधल्या एखाद्या दुपारी पुण्यात पाषाणच्या किंवा गोव्यात दोनापावलच्या प्रयोगशाळेत एक ईमेल येते. पीएचडीच्या चौथ्या वर्षाला असलेल्या मुलीचं काम व्हिएन्नाच्या परिषदेत मांडायला निवडलेलं असतं. चहा-सामोसे होतात, गाइड सर खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी व्हिसाच्या कागदांची यादी उघडली की कोडं पडतं. तिकीट संस्था काढणार, हॉटेलचं बिल संस्था भरणार, नोंदणीचं शुल्क प्रकल्पाच्या पैशांतून जाणार. तसं पत्रही संस्थेच्या लेटरहेडवर जोडायचं आहे. तरीही दूतावासाला तिच्या स्वतःच्या बँक खात्याचा गेल्या काही महिन्यांचा उतारा हवा असतो. फेलोशिप जमा होते आणि महिनाअखेरीपर्यंत संपते, असं ते खातं. त्यात पाहण्यासारखं आहे तरी काय?

ही परिषद म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियनची वार्षिक सभा. २००५ पासून तिचं ठिकाण व्हिएन्ना. एप्रिलमध्ये किंवा मेच्या सुरुवातीला हवामान, समुद्र, भूकंप, हिमनद्या यांवर काम करणारे हजारो संशोधक तिथे आठवडाभर जमतात. मॉन्सून आणि अरबी समुद्र हे विषय तिथे हमखास असल्यामुळे महाराष्ट्र-गोव्यातल्या संस्थांमधूनही माणसं जातात. विज्ञानाची तयारी त्यांची चोख असते. प्रवासाची तयारी मात्र बहुतेकांची ऐकीव असते. आधी जाऊन आलेल्या सीनियरनं सांगितलं तसं करायचं, आणि त्या सीनियरनंतर नियम बदलला असेल तर देवाचं नाव घ्यायचं.

फाइल कुणाच्या शंकेसाठी?

ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे कागद व्हीएफएस ग्लोबल ही कंपनी गोळा करते. तिथे बोटांचे ठसे घेतात, फोटो काढतात, पाकीट बंद करतात. निर्णय दिल्लीतला ऑस्ट्रियाचा दूतावास घेतो, आणि बहुतेक वेळा अर्जदाराला न भेटताच घेतो. म्हणजे काउंटरवर कितीही गोड बोललं तरी उपयोग शून्य. जे काही बोलायचं ते कागदांनीच.

त्या अधिकाऱ्याला चार गोष्टी ठरवायच्या असतात. ही व्यक्ती खरोखर कोण आहे? येण्याचं कारण खरं आहे का? खर्च कोण करणार? आणि ही परत जाईल का? आयोजकांचं निमंत्रणपत्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं, संस्थेचं पत्र तिसऱ्याचं. चौथा प्रश्न सगळ्यांत अवघड. परत जाण्याच्या इराद्याविषयी रास्त शंका वाटली तर अर्ज नाकारावा, असं युरोपीय संघाची व्हिसा संहिताच सांगते. आता इरादा कागदावर दाखवायचा कसा?

बँकेचा उतारा इथे कामाला येतो. त्यातली शिल्लक पाहिली जातेच, पण त्याहून जास्त बोलकी असते ती दर महिन्याची ये-जा. ठरावीक तारखेला जमा होणारी फेलोशिप, घरभाडं, मेसचे पैसे, मोबाइलचं बिल. ही मुलगी इथे रुजलेली आहे, तिचं काम आणि तिचं रोजचं आयुष्य इथे आहे, हे त्या ओळी सांगतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून उसने घेऊन भरलेले तीन लाख रुपये मात्र उलटं काम करतात. आजवर ज्या खात्यात कधी एवढी रक्कम आली नाही, त्यात ती एकाएकी का आली, ही नवीच शंका त्यामुळे उभी राहते. शिल्लक कमी असली तर ती तशीच राहू द्यावी आणि खर्च संस्था करणार असल्याचं पत्र नेमकं लिहून घ्यावं: कोणत्या तारखा, कोणता खर्च, कोणत्या प्रकल्पातून. परतल्यावर संशोधन चालू राहणार आहे, असं एक वाक्यही त्यात असावं. रजेचा मंजूर अर्ज आणि एनओसी जोडण्यामागेही हेच कारण आहे. सरकारी संस्थांमध्ये परदेश दौऱ्याच्या परवानगीची फाइल बऱ्याच टेबलांवरून फिरते, त्यामुळे ती व्हिसाच्याही आधी हलवलेली बरी.

प्रवासविमाही याच चष्म्यातून पाहावा. आजारपणाचा खर्च यजमान देशावर पडू नये म्हणून किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. ते सगळ्या शेंगेन देशांत लागू असावं आणि मायदेशी परत आणण्याचा खर्चही त्यात धरलेला असावा. स्वस्त पॉलिसी घेताना लोक रक्कम पाहतात, तारखा पाहत नाहीत. विमान उशिरा सुटलं आणि परतीचा एक दिवस पॉलिसीच्या बाहेर गेला तर? एक-दोन दिवस जास्तीचे घेतले की प्रश्न मिटतो.

एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. पण वैज्ञानिक परिषदेला जाणाऱ्या संशोधकांना ते माफ करण्याची सोय व्हिसा संहितेत आहे. त्यात कोण बसतं हे दूतावास ठरवतो आणि माफी आपोआप मिळत नाही. अर्ज भरतानाच विचारावं लागतं, संशोधक असल्याचा पुरावा द्यावा लागतो. व्हीएफएसचं सेवाशुल्क वेगळं असतं. ९० युरोंमध्ये व्हिएन्नात विद्यार्थ्याचं तीन-चार दिवसांचं जेवण निघतं, तेव्हा एक ईमेल लिहायला हरकत नाही.

आणि मावसभाऊ म्युनिकला राहतो, परिषदेनंतर त्याच्याकडे जायचं आहे, तर अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? ज्या देशात मुख्य मुक्काम त्याच्याकडे. साधारणपणे दिवस मोजतात. दिवस सारखे भरले तर ज्या देशात पहिलं पाऊल पडणार तो देश. व्हिएन्नात सहा दिवस आणि म्युनिकला दहा, असा बेत असेल तर ऑस्ट्रियाकडे अर्ज करणं धोक्याचं. बेत कापून म्युनिकचे चार दिवस केले की कागद आणि कारण दोन्ही जुळतात.

| चौकट: तारखांचं गणित (परिषद एप्रिलअखेर असेल तर) |
|---|
| ऑक्टोबर-अखेर: अर्ज जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो, म्हणून खिडकी इथे उघडते. |
| डिसेंबर: पासपोर्ट तपासावा. तो गेल्या १० वर्षांत काढलेला असावा, शेंगेनमधून निघाल्यानंतर किमान ३ महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. |
| जानेवारी: ॲबस्ट्रॅक्ट पाठवल्याबरोबर संस्थेच्या परवानगीची फाइल सुरू करावी. |
| फेब्रुवारी: व्हीएफएसची अपॉइंटमेंट घेऊन ठेवावी. उन्हाळी सुटीत युरोपला जाणाऱ्या कुटुंबांची गर्दी याच सुमारास सुरू होते. |
| मार्च: अर्ज. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण काही वेळा ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. प्रवासाला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर सहसा अर्जच घेतला जात नाही. |
| व्हिसा हातात येईपर्यंत: परतावा न मिळणारं तिकीट काढू नये; आरक्षण पुरतं. |

स्टिकरवरचे दोन आकडे

व्हिसा आला की बहुतेक जण त्याचा फोटो घरच्यांना पाठवतात. त्याआधी तो वाचावा. स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून गोंधळ होतो. समजा, जाण्या-येण्याच्या तारखा २६ एप्रिल आणि ४ मे आहेत. स्टिकरवर वैधता २६ एप्रिल ते १९ मे अशी दिसेल आणि मुक्कामाचे दिवस मात्र ९. मग १९ मेपर्यंत राहता येतं का? नाही. राहायचं नऊच दिवस. विमान रद्द झालं किंवा बेत पुढे-मागे सरकला तर अडचण होऊ नये म्हणून वैधतेत १५ दिवसांची सैल जागा ठेवलेली असते. राहण्याचे दिवस तिनं वाढत नाहीत. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस पूर्ण धरतात. त्यामुळे परतीचं विमान रात्री साडेअकराऐवजी साडेबाराचं असेल आणि पासपोर्टची तपासणी मध्यरात्रीनंतर झाली, तर एक दिवस जास्तीचा मोजला जाऊ शकतो.

ज्यांच्याकडे अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे त्यांना आणखी एक हिशेब सांभाळावा लागतो: कोणत्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस नाही. ही १८० दिवसांची चौकट १ जानेवारीला सुरू होत नाही, पहिल्या प्रवेशालाही नाही. ती रोज एक दिवस पुढे सरकते. धावत्या रेल्वेच्या खिडकीतून विजेचे खांब दिसतात तसं हे आहे: पुढून एक खांब चौकटीत येतो तेव्हा मागचा एक बाहेर गेलेला असतो. युरोपात काढलेला प्रत्येक दिवस म्हणजे एक खांब, आणि खिडकीत एका वेळी ९० पेक्षा जास्त खांब दिसता कामा नयेत. उदाहरणार्थ, १ डिसेंबर ते २९ जानेवारी असे साठ दिवस जर्मनीतल्या प्रयोगशाळेत काढलेला संशोधक २ मे रोजी व्हिएन्नात असेल, तर त्या दिवशीची खिडकी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मागे पोचते. ते साठही दिवस अजून तिच्यात आहेत. उरले तीस, आणि त्यात परिषदेचा आठवडा आलाच.

पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून हातानं करत, त्यामुळे पुसट शिक्क्याचा फायदा कधीमधी मिळून जायचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं टप्प्याटप्प्यानं नवी प्रवेश-निर्गमन यंत्रणा सुरू केली. ती चेहऱ्याचा फोटो घेते आणि आल्या-गेल्याची नोंद संगणकात ठेवते. दिवस आता यंत्र मोजतं.

वारंवार जाणाऱ्यांसाठी एक बरी बातमीही आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी ठरवलेल्या नियमांनुसार, भारतात राहणाऱ्या ज्या व्यक्तीनं गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील, तिला दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा देता येतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणून पहिल्या परिषदेच्या वेळचा नियमभंग फार महाग पडतो. तिथून पुढची सगळी शिडी कोसळते.

हापूस घरीच

एप्रिल-मे म्हणजे आंब्याचे दिवस. परदेशी प्राध्यापकाला हापूसची पेटी न्यावी, असं कोकणातल्या माणसाला वाटणं साहजिक आहे. तरी नेऊ नये. बाहेरून येणाऱ्या बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. आंब्याचं दुखणं जुनं आहे. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघानं २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयात थांबवली होती आणि २०१५ च्या सुरुवातीला ती पुन्हा सुरू केली. दूध आणि मांसाचे पदार्थही प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, श्रीखंड आणि आईनं बांधून दिलेलं साजूक तूप बाद. चिवडा, चकली, खाकरा, मेतकूट आणि भाजणी मात्र बिनधास्त न्यावी.

पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत. औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. विजेचा दाब दोन्हीकडे २३० व्होल्ट असल्यामुळे यंत्रं जळण्याची भीती नाही. फोनच्या चार्जरच्या दोन बारीक पिना तिथल्या सॉकेटमध्ये बहुधा बसतात. लॅपटॉपची तीन जाड पिनांची आपल्याकडची वायर बसत नाही, आणि हे व्याख्यानाच्या आदल्या रात्री कळून उपयोगाचं नसतं.

रात्री अडीचची जाग

पहिल्याच रात्री हॉटेलात अडीच वाजता डोळे टक्क उघडतात. दिवसभर दमणूक झालेली असते, तरी झोप परत येत नाही. पलंगाचा यात काही दोष नाही. एप्रिलअखेर युरोपात उन्हाळी वेळ चालू असते, त्यामुळे भारत व्हिएन्नाच्या साडेतीन तास पुढे असतो. व्हिएन्नात रात्रीचे अडीच म्हणजे पुण्यात सकाळचे सहा. रोज सहाला उठणारं शरीर वेळेवरच उठलेलं असतं.

शरीराचं हे घड्याळ मेंदूत असतं, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर. सुमारे वीस हजार पेशींचा तो पुंजका आहे. पेशींच्या आतला हा ताल ठरवणाऱ्या जनुकांवरच्या कामासाठी जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ मनगटावरच्यासारखं किल्ली फिरवून लावता येत नाही. ते उजेडानं लागतं, आणि उजेड कधी मिळतो त्यावर ते पुढे सरकेल की मागे हे ठरतं. नेहमीच्या जागं होण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास शरीराचं तापमान सगळ्यांत खाली गेलेलं असतं. त्या क्षणाच्या आधी, म्हणजे संध्याकाळी आणि रात्री, मिळालेला उजेड घड्याळाला उशिराकडे ढकलतो. त्यानंतर मिळालेला उजेड त्याला लवकरकडे ओढतो.

पश्चिमेला गेलेल्या माणसाला घड्याळ उशिराकडे न्यायचं असतं. अडीचला जाग आली की हात फोनकडे जातो आणि नेमकं तेच नुकसानीचं असतं. भारतातल्या चारच्या सुमाराचा तो तळाचा क्षण व्हिएन्नाच्या साडेबारालाच उलटून गेलेला असतो. आता डोळ्यांत जाणारा पडद्याचा उजेड घड्याळाला उलट दिशेला नेणार. दिवा न लावता पडून राहावं. खरा उपाय संध्याकाळी आहे. एप्रिलअखेर व्हिएन्नात सूर्य आठच्या सुमारास मावळतो. परिषदेच्या केंद्रापासून मेट्रोचं पुढचंच स्टेशन डोनाउइन्झेल, म्हणजे डॅन्यूब नदीतलं २१ किलोमीटर लांबीचं बेट. १९७२ ते १९८८ या काळात पुराचं पाणी वाटून घ्यायला नवा प्रवाह खोदला आणि निघालेल्या मातीचं हे बेट बनवलं. भूशास्त्राच्या परिषदेला आलेल्यांनी ते पाहायला हवंच. तिथे सूर्य मावळेपर्यंत चालावं, दहापर्यंत कसंही करून जागं राहावं. माणसाचं आतलं घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असल्यामुळे पश्चिमेचा प्रवास लवकर जिरतो, दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. परतताना पूर्वेकडे यायचं असतं, ते जड जातं. मुंबईत उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊचं लेक्चर घेऊ नये.

यंत्र विचारतं: रुपये की युरो?

जेवणाचं बिल भरताना कार्डच्या यंत्रावर प्रश्न येतो: रक्कम रुपयांत भरायची की युरोंत? रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडे वळतं. युरोच दाबावं. रुपये निवडले की चलन बदलण्याचं काम दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा करते आणि दरात आपला नफा मिसळते. युरो निवडले तर ते काम कार्डचं जाळं करतं. आपली बँक त्यावर साधारण दोन ते साडेतीन टक्के आकार लावते, तरी हिशेब बहुतेक वेळा स्वस्त पडतो. हातात युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड असताना रुपये निवडले तर युरोचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा युरो असा दुहेरी फेरा होतो. एटीएमही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतं.

निघण्याआधी एक काम: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या सूचनेनुसार नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू करून दिली जातात. परदेशी व्यवहार ग्राहकानं स्वतः बँकेच्या ॲपमधून सुरू करायचे असतात. ओटीपीसाठी भारतीय सिमचं रोमिंगही चालू हवं.

फाटक नसलेली मेट्रो

विमानतळावरून रेल्वेनं मुख्य स्थानक, म्हणजे हाउप्टबानहोफ, पंधरा-वीस मिनिटांत येतं. तिथून यू-१ ही मेट्रो न बदलता थेट काइझरम्यूलेन स्टेशनला, परिषदेच्या दाराशी नेते. विमानतळ शहराच्या भाडेक्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे शहराचा पास त्या टप्प्याला पुरत नाही. मधल्या भागाचं तिकीट वेगळं लागतं.

मेट्रोत शिरताना फाटक नाही, कुणी अडवत नाही. मुंबईच्या माणसाला आधी वाटतं, इथे सगळा विश्वासाचा मामला. विश्वास आहेच, पण साध्या कपड्यांतले तपासनीसही आहेत आणि दंड शंभर युरोंहून जास्त. कागदी तिकीट घेतलं की फलाटाकडे जाताना लागणाऱ्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवावा लागतो. ठसा नसलेलं तिकीट खिशात असून नसल्यासारखंच. नवख्या परदेशी माणसाला दंड होतो तो बहुधा या एका कारणानं.

रविवारी दुकानं बंद असतात, कायद्यानंच. त्यामुळे परिषद सोमवारी म्हणून रविवारी दुपारी पोचलेल्या माणसाला दूध-पाव मिळत नाही. अपवाद मोठ्या रेल्वे स्थानकांतल्या सुपरमार्केटचा. यू-१ वरचं प्राटरश्टेर्न त्यातलंच. १ मे रोजीही सुटी. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे कामगार दिन आणि दुकानांना कुलूप. पाण्याची बाटली मात्र विकत घ्यायची गरज नाही. आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी १८७३ पासून एका आणि १९१० पासून दुसऱ्या जलवाहिनीनं शहरात येतं आणि नळाला तेच असतं.

पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार आणि मग व्हिएन्नातला भारतीय दूतावास. तातडीला ११२ हा क्रमांक युरोपभर चालतो.

पोस्टर आडवं की उभं

आपल्याकडे ए-झीरो पोस्टर उभं छापायची सवय आहे, म्हणजे ११९ सेंटिमीटर उंच. या परिषदेचे फलक आडवे, सुमारे दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच असतात. उभं पोस्टर खाली लोंबकळतं आणि निष्कर्षाचा भाग जमिनीलगत जातो. कापडावर छापलेलं पोस्टर घडी करून बॅगेत मावतं, नळकांड्याची कटकट वाचते. आयोजकांच्या सूचनांत मापं दिलेली असतात; छपाईला टाकण्याआधी ती पाहावीत.

परतीच्या गडबडीत दोन गोष्टी राहतात. बोर्डिंग पास टाकून देऊ नयेत, कारण टीए बिलाबरोबर बहुतेक संस्था ते मागतात. फोनवरचा पास असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढावा, कारण उड्डाणानंतर तो ॲपमधून नाहीसा होऊ शकतो. आणि हजर राहिल्याचं प्रमाणपत्र परिषद संपण्याआधीच मिळवून ठेवावं.